इंजिनाचा मुक्काम

शेव्हरोलेच्या एलटी-१ इंजिनावर १९७० साली ३७० हॉर्सपॉवर असा आकडा होता. १९७१ला तो ३३० झाला आणि १९७२ला २५५. तिन्ही वर्षं इंजिन तेच, ३५० क्युबिक इंचांचं, कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये बसणारं. मग ११५ घोडे गेले कुठे? मसल कारच्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकी गाड्यांच्या, नादाला लागलो तेव्हा या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नव्हतं. उत्तर कळलं आणि हॉर्सपॉवर या शब्दाकडे बघायची नजरच बदलली.

पहिले चाळीस खरोखर गेले. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, उतरवलं. एलटी-१चं ११ वरून ९ वर आलं. पुढचे पंचाहत्तर मात्र बहुतेक कागदावरचे. तोपर्यंत अमेरिकी कंपन्या ‘ग्रॉस’ आकडा छापत असत. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर क्लीनर काढलेला, अल्टरनेटरचा भार नाही, एक्झॉस्ट मोकळा. १९७२पासून ‘नेट’ आकडा आला, म्हणजे गाडीत बसतं तसं, सगळा संसार अंगावर घेऊन इंजिन किती ताकद देतं ते. १९७१ या एका वर्षी दोन्ही आकडे दिले गेले, म्हणून फरक उघड दिसतो: तेच इंजिन ग्रॉस ३३०, नेट २७५.

उलट्या दिशेनेही आकडे फिरवले जात. कॉर्व्हेटच्या एल-८८ इंजिनावर ४३० लिहिलेलं असे, प्रत्यक्षात ते पाचशेच्या पुढे जाई. क्रायस्लरच्या ४२६ हेमीचे ४२५सुद्धा हातचं राखूनच सांगितलेले. विमा कंपन्या आकडा बघून हप्ता ठरवायच्या आणि ड्रॅग रेसिंगमधले वर्गही जाहीर झालेल्या आकड्यावर बेतलेले असायचे, त्यामुळे कमी सांगण्यात फायदा होता. म्हणून कुणी जुन्या गाडीचे चारशे घोडे सांगू लागलं की ते कुठल्या सालचे आणि कुठल्या मापाचे, हे मी आधी विचारतो.

माझी शेव्हेल, शेव्हरोलेचीच मध्यम आकाराची गाडी, १९७२ची आहे. ३५० इंजिन, दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा) कार्ब्युरेटर, तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नेट १६५ हॉर्सपॉवर. एवढं मोठं इंजिन आणि एवढी कमी ताकद! आजची साधी फॅमिली सेडान सिग्नलवरून तिच्या पुढे निघून जाते आणि ते मला खुपतं. हे इंजिन याहून कितीतरी जास्त देऊ शकतं हे त्याच्याच भावंडांनी सिद्ध केलं आहे. त्याच ब्लॉकने, तेवढ्याच बोअरने (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोकने (पिस्टनची धाव) १९७०ला ३७० दिले होते. तेव्हा ताकद वाढवायची हे नक्की. पण कशी वाढवायची, यावर मी जितका विचार केला तितका दुसऱ्या कुठल्या यंत्रावर केलेला नाही.

मित्राचा मुलगा गाड्यांचा वेडा आहे. गॅरेजमध्ये पाऊल टाकलं की त्याचा पहिला प्रश्न, “काका, आता किती एचपी?” मी विचारतो, “कितीला रे? दोन हजारला की पाच हजारला?”

हा उलटा प्रश्न मी मनापासून विचारतो. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, तो पाउंड-फुटांत घ्यायचा; आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. या सूत्रात सगळं येतं. ताकद वाढवायची तर एक तर प्रत्येक फेऱ्यातला जोर वाढवा, नाही तर तोच जोर जास्त आरपीएमपर्यंत टिकवून धरा. पहिली वाट अवघड, कारण तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबावी लागते. दुसरी वाट सोपी वाटते आणि बहुतेक जण तिकडे वळतात. पण वरच्या आरपीएमला मिळालेल्या ताकदीची किंमत बहुतेक वेळा खालच्या आरपीएमला मोजावी लागते. कॅटलॉगमध्ये छापतात तो आकडा शिखराचा असतो. गाडी रोज चालवताना त्या शिखरावर आपण किती वेळ असतो? इंजिनाचा मुक्काम कुठे असणार, हे आधी ठरवावं आणि मगच भागांची यादी हातात घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

याची दोन टोकं डेट्रॉइटनेच दाखवून ठेवली आहेत. १९६७ला कॅमारो झेड-२८ आली ती ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींसाठी. तिथे इंजिनाला ३०५ क्युबिक इंचांची मर्यादा होती. शेव्हरोलेने ३२७च्या ब्लॉकमध्ये २८३चा आखूड स्ट्रोकचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) घालून ३०२ क्युबिक इंच साधले. कागदावर २९० घोडे, तेही ५८०० आरपीएमला. खाली ती गाडी सुस्त, चार हजारांच्या पुढे गेली की पेटून उठायची. दुसऱ्या टोकाला १९७०ची ब्युइक ४५५. तिचा टॉर्क ५१० पाउंड-फूट आणि तोही अवघ्या २८०० आरपीएमला. अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला की सीट पाठीला येऊन भिडते. दोन्ही गाड्यांवर माझं प्रेम आहे. पण एकीतली चीज दुसरीत घालायला गेलं तर दोन्हींचा विचका होईल.

माझी शेव्हेल गावात आणि हायवेवर चालते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. त्या दिवशी तर ती तासन् तास गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकत असते. म्हणजे माझ्या इंजिनाचा मुक्काम पंधराशे ते साडेचार हजार, कधीमधी पाच हजारांपर्यंत एखादी चक्कर. एवढं एकदा मान्य केलं की निम्मा कॅटलॉग आपोआप मिटतो.

मुक्काम ठरवण्याचं काम कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याचं. बाकी सगळे भाग त्याच्या मागून चालतात, म्हणून त्याच्यावर थोडं थांबायला हवं.

इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारा, कधी उघडतो, यापेक्षा तो बंद कधी होतो हे जास्त महत्त्वाचं. पिस्टन तळाला पोचून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवतात. कारण आत शिरणाऱ्या हवेला वेग असतो, वजन असतं. आरपीएम जास्त असेल तर पिस्टन उलटा फिरला तरी ती हवा स्वतःच्या झोकाने आत येतच राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. आरपीएम कमी असेल तर तो झोकच नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते आणणाऱ्या नळ्यांमध्ये, ढकलून देतो. व्हॉल्व्ह उशिरा मिटणारा, लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त काळ उघडा ठेवणारा) कॅम वर जिंकतो आणि खाली हरतो, तो यामुळे. त्यात हवेची दांडगाई आहे, जादू काही नाही.

माझ्या गाडीतल्या मूळ कॅमचं इनटेक ड्युरेशन, ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) मोजलं तर, १९५ अंशांच्या आसपास आहे. फारच सौम्य. २४० अंशांचा कॅम घातला तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, ती अशी डुगडुगेल की शेजारच्या खिडक्या वाजतील. तो आवाज मला आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅमच्या ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात त्या क्षणांत, जळलेला वायू इनटेककडे मागे सरकतो, मिश्रण बिघडतं आणि तो अडखळता ठेका तयार होतो. पण त्याच कारणाने मॅनिफोल्डमधली व्हॅक्यूम पडते आणि पॉवर ब्रेकचा बूस्टर चालतो तो त्या व्हॅक्यूमवर. व्हॅक्यूम पडली की ब्रेकचं पेडल लाकडासारखं घट्ट होतं. आवाजासाठी ब्रेक द्यायची माझी तयारी नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आणखी एक: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) कमी आरपीएमलाच पकड घेतो आणि मोठ्या कॅमचं इंजिन ‘ड्राइव्ह’मध्ये टाकताच गुदमरतं.

म्हणून मी २१८ अंशांच्या आसपासचा कॅम निवडतो आहे, रोलर लिफ्टरचा. लिफ्टर म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर बसून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारा भाग. रोलर निवडण्यामागे नुसती ताकद नाही. सपाट तळाच्या जुन्या लिफ्टरचा कॅमच्या उंचवट्याशी होणारं घर्षण भयंकर असतं. नवा कॅम बसवला की पहिली वीस-तीस मिनिटं इंजिन दोन ते अडीच हजार आरपीएमवर ठेवावंच लागतं, कारण कॅमवर तेल पोचतं ते क्रँकच्या शिंतोड्यांतून. आयडलवर सोडलं तर उंचवटे झिजून जाऊ शकतात. त्यात आजच्या पॅसेंजर गाड्यांच्या तेलात जस्त आणि फॉस्फरस पूर्वीइतके राहिलेले नाहीत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ते कमी केले गेले. रोलर लिफ्टर घासत नाही, गडगडत जातो. शिवाय त्याला व्हॉल्व्ह झपकन उघडता आणि झपकन मिटता येतो, त्यामुळे कमी ड्युरेशनमध्येही जास्त हवा मिळते. शेव्हरोलेने स्वतः १९८७पासून स्मॉल ब्लॉकला, म्हणजे ३५०च्या घराण्यातल्या इंजिनांना, रोलर लिफ्टर द्यायला सुरुवात केली. मी त्याच वाटेने चाललो आहे.

आता हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात. मला एकच भाग बदलायची परवानगी असती तर मी सिलिंडर हेड बदलले असते. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप आणि हवा आत येण्या-जाण्याचा सगळ्यांत चिंचोळा रस्ता हेडमधल्या पोर्टचा. सत्तरच्या दशकातल्या हेडमध्ये तर ज्वलनाची खोलीही मोठी, ७६ सीसीची. कॉम्प्रेशन उतरवायचा तोच सोपा मार्ग होता. हिशेब मांडून बघा, मजा येते. ३५०च्या एका सिलिंडरचं आकारमान ७१७ सीसी. मूळ कॉम्प्रेशन ८.५, म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर उरणारी एकूण जागा साधारण ९६ सीसी. ६४ सीसीच्या खोलीचं हेड लावलं की त्यातले बारा सीसी कमी झाले, उरले ८४. कॉम्प्रेशन झालं साडेनऊच्या आसपास. पिस्टनला हात नाही, ब्लॉक उघडणं नाही, आणि प्रत्येक आरपीएमला, अगदी हजारलासुद्धा, जोर वाढला. कॅमसारखा इथे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेण्याचा व्यवहार नाही.

यापुढे जायचा मोह आवरावा लागतो. कॉम्प्रेशन फार वाढलं की मिश्रण ज्योत पोचायच्या आतच आपसूक पेट घेतं. ते नॉकिंग पिस्टनला हातोड्यासारखं बसतं. १९७०मध्ये ११चं कॉम्प्रेशन चालायचं कारण पंपावर शिसं घातलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळत होतं. ते आता नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड उष्णता लवकर सोडतं, त्यामुळे लोखंडी हेडपेक्षा थोडं जास्त कॉम्प्रेशन सहन करतं. साडेनऊला ते निवांत चालेल. शिसं गेल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे जुन्या लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते, शिशाचा पातळ थर तिला वाचवत असे. नव्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या सीट बसवलेल्या येतात, तोही प्रश्न सुटतो. ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांच्यासाठी १९९६नंतरच्या शेव्हरोले ट्रकांची व्हॉर्टेक हेड भंगारवाल्यांकडे मिळतात. लोखंडी आहेत, पण हवा उत्तम वाहते. फक्त त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो आणि मूळ स्प्रिंगांवर जास्त लिफ्टचा कॅम चालत नाही.

हेड आणि कॅम दोन्ही बदलायचे म्हटले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा राहते ते मोजावंच लागतं. त्याची जुनी रीत मला फार आवडते. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खाचा असतात, तिथे मुलांच्या खेळण्यातली क्ले थापायची. वरून तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे ती व्हॉल्व्हला चिकटत नाही. हेड गॅस्केटसकट बसवायचं, पुशरॉड आणि रॉकर (लिफ्टरचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) चढवायचे. हायड्रॉलिक लिफ्टर दाबला जातो आणि माप खोटं येतं, म्हणून तपासणीपुरता घट्ट लिफ्टर घालायचा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवायचं, सावकाश. कुठे अडलं तर जोर करायचा नाही. हेड उचललं की क्लेमध्ये व्हॉल्व्हच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला दिसतो. ब्लेडने ती मधोमध कापायची आणि जिथे सगळ्यांत पातळ असेल तिथे माप घ्यायचं. इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच. एक्झॉस्टला जास्त, कारण तिथे मिटणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठोपाठ पिस्टन वर धावत येत असतो आणि स्प्रिंग जरा कमी पडली तरी गाठ पडते. सहा हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. त्या वेगाला या दोन तुकड्यांनी एकमेकांना कधीही शिवायचं नाही, आणि त्याची खात्री क्लेच्या एका कापातून मिळते.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत लोकांचा हात फार सैल असतो. मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठी ताकद, असा समज पक्का बसलेला आहे. त्याचाही साधा हिशेब आहे: क्युबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. ३५०चं इंजिन ५५०० आरपीएमला शंभर टक्के भरलं तरी त्याला मिनिटाला ५५७ घनफूट हवा लागेल आणि रस्त्यावरचं इंजिन पूर्ण भरत नाहीच. ८५ टक्के धरले तर ४७३. म्हणजे ६०० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारा) चार बॅरलचा कार्ब्युरेटर, मागच्या दोन बॅरल व्हॅक्यूमवर उघडणारा, भरपूर झाला. ७५० लावला तर व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा मंद जाते, पेट्रोल खेचायला लागणारा दाबाचा फरक तयार होत नाही आणि खालच्या आरपीएमला गाडी अडखळते.

इनटेक मॅनिफोल्ड डुअल-प्लेन, म्हणजे नळ्यांचे दोन मजले असलेला. हेडर्स, म्हणजे हेडमधून एक्झॉस्ट बाहेर नेणारे नळ, १ ५/८ इंच नळ्यांचे. हे दोन्ही निर्णय वरच्या मुक्कामातूनच निघतात, त्यांच्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

जास्त बोलायला हवं ते गिअरबद्दल, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये २.७३चा रेशो होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे २.७३ फेरे. मी तो ३.४२ केला. चाकांवर पोचणारा टॉर्क त्याने प्रत्येक गिअरमध्ये पंचवीस टक्क्यांनी वाढला. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरही लावला नव्हता. सिग्नलवरून निघताना ही गाडी दुसरीच कुणीतरी वाटायला लागली. त्याचा मोबदला हायवेवर द्यावा लागतो. २६ इंची टायरवर ताशी ६० मैलांना पूर्वी इंजिन २१००च्या जरा वर असायचं, आता २६५०. माझ्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही, तिसरा गिअर सरळ एकास एक. ४.१०चा रेशो घातला असता तर ताशी ७० मैलांना ३७०० आरपीएमचा घोष तासभर ऐकावा लागला असता. ३.४२मध्ये दोन्हीकडचं जमतं. आणि बघा, गिअर बदलल्याने इंजिनाचा मुक्कामही थोडा वर सरकला. म्हणजे कॅम निवडताना तोही हिशेबात धरायचा. हे सगळे भाग एकमेकांच्या हातात हात घालून असतात.

ट्यूनिंगचंही तसंच. मिशिगनमध्ये रॉयल ओक इथे, वुडवर्डपासून जवळच, साठच्या दशकात रॉयल पॉन्टिअ‍ॅक नावाची डीलरशिप होती. १९६४ला पॉन्टिअ‍ॅकने कंपनीचा नियम वळसा घालून टाळला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. तर त्यांनी ३८९चं इंजिन टेम्पेस्टवर ऑप्शन म्हणून दिलं, आणि जीटीओ जन्माला आली. त्या जीटीओला रॉयलवाले ‘बॉबकॅट’ करून देत. त्यात काय असे? पातळ हेड गॅस्केट, म्हणजे थोडं कॉम्प्रेशन. कार्ब्युरेटरचे बदललेले जेट. डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगीची वेळ) लवकर पुढे यावा म्हणून केलेली दुरुस्ती. इनटेक तापवणारा एक्झॉस्टचा मार्ग बंद. एवढंच. इंजिन तेच, त्याच्यात दडलेलं बाहेर काढलेलं.

कारखान्याला प्रत्येक गिऱ्हाइकाचा, प्रत्येक हवामानाचा, वाईटातल्या वाईट पेट्रोलचा विचार करून इंजिन सोडावं लागतं. आपल्याला एकाच गाडीचा करायचा असतो. स्मॉल ब्लॉक शेव्हीला पूर्ण टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, साधारण ३४ ते ३६ अंश लागतं. ते किती आरपीएमला पूर्ण होतं, हे डिस्ट्रिब्युटरच्या वजनांवर आणि दोन छोट्या स्प्रिंगांवर ठरतं. त्या स्प्रिंगा नखाएवढ्या असतात. त्या बदलून टायमिंग लाइटने खूण बघत बसलं की एका दुपारी गाडीचा पिकअप बदलतो. नवीन भाग घेण्याआधी प्रत्येकाने हे करावं. ताकदीसाठी लागणारं हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेबारा ते तेराच्या दरम्यान, ते एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर दिसतं. पूर्वीचे लोक प्लगचा रंग बघून हेच ताडत असत, आणि फार अचूक ताडत.

नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा वायू) आणि सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) या वाटेने मी जाणार नाही. इतिहास मात्र मोठा रंजक आहे. ड्रॅग रेसिंगमधला प्रसिद्ध ६-७१ ब्लोअर मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ क्युबिक इंच, म्हणून ६-७१. ट्रकांची हवा भरणारी ती पेटी हॉट रॉडवाल्यांनी उचलून व्ही-८च्या डोक्यावर ठेवली. टर्बोसुद्धा आजकालचा नाही, १९६२ची ओल्ड्समोबिल जेटफायर टर्बोवर धावत होती आणि नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई. पण माझ्या इंजिनात ओतीव पिस्टन आहेत, पन्नास वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावर दुप्पट हवेचं ओझं टाकणं मला पटत नाही. खालचा भाग नव्याने बांधायची वेळ आली तर मी तिथे स्ट्रोक वाढवेन. बोअर तीस थाऊने, म्हणजे ०.०३० इंचाने, मोठा आणि ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक, की ३५०चे ३८३ क्युबिक इंच होतात. त्यातून येणारा टॉर्क खालच्याच आरपीएमला येतो.

खरा वाद आहे तो जनरल मोटर्सच्या नव्या पिढीच्या एलएस इंजिनाचा. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये ते पहिल्यांदा आलं, अ‍ॅल्युमिनियमचं, फ्युएल इंजेक्शनचं, नेट ३४५ घोडे. पुढे त्याच घराण्यातली ५.३ लिटरची इंजिनं लाखो ट्रकांत बसली आणि आता भंगारात सहज मिळतात. तेच काढून शेव्हेलमध्ये घालावं, सकाळी एका किल्लीत सुरू होईल, पेट्रोल कमी खाईल, ताकद दुप्पट. या युक्तिवादात मला एकही खोट काढता येत नाही. नुसता घोड्यांचा भाव करायचा तर ते सगळ्यांत शहाणपणाचं आहे. तरी मी करणार नाही. माझ्या ब्लॉकवर ओतताना उमटलेले आकडे आहेत, १९५५ला २६५ क्युबिक इंचांपासून सुरू झालेली स्मॉल ब्लॉकची परंपरा आहे. त्या इंजिनाला १९७२च्या नियमांनी, घटवलेल्या कॉम्प्रेशनने आणि दोन बॅरलच्या काटकसरीने जिथे आणून ठेवलं तिथून ते स्वतः उठलेलं मला बघायचं आहे. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याची गाडीही मी तितक्याच आवडीने बघतो.

या सगळ्यातून किती मिळेल? हेड, कॅम, चार बॅरल, डुअल-प्लेन आणि हेडर्स मिळून स्टँडवर साडेतीनशेच्या आसपास ग्रॉस घोडे यायला हरकत नाही, अशा जोडणीची इंजिनं अनेकांनी बांधली आहेत. चाकांवर अर्थात त्याहून कमी. मला रस आहे तो अडीच हजारांवरच्या टॉर्कमध्ये. हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला की गिअरबॉक्सने खालचा गिअर न टाकताच गाडी उसळली पाहिजे.

त्याआधी पुढचे ब्रेक पुन्हा तपासायचे आहेत. त्या काळातल्या कितीतरी मसल कार चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. एकदा जोरात दाबला की तापून पकड सोडणारे. माझ्या गाडीला पुढे डिस्क आहेत, तरी होज आणि मास्टर सिलिंडर हेडच्या ऑर्डरच्या आधी बदलले जातील. कन्व्हर्टरचं मात्र अजून ठरलेलं नाही. २१८ अंशांच्या कॅमला मूळ कन्व्हर्टर कदाचित चालून जाईल, कदाचित बावीसशे-तेवीसशे स्टॉलचा, म्हणजे तेवढ्या आरपीएमला पकड घेणारा, घ्यावा लागेल. इंजिन सुरू झालं, ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेकवर धरलं आणि व्हॅक्यूम गेजचा काटा कुठे थांबतो ते पाहिलं, की मग त्याची ऑर्डर.